पीक तहान कसे सोसते

पौष महिन्यात दुपारी बारा-एकच्या सुमाराला रब्बी ज्वारीच्या रानात जाऊन उभे राहा. पाऊस जाऊन दोन-अडीच महिने झालेले असतात. काळ्या रानाला भेगा पडू लागलेल्या असतात. सकाळी रुंद पसरलेली पाने या वेळी दोन्ही कडांनी आत वळलेली दिसतात, कागदाची सुरळी करावी तशी. ऊन उतरले की संध्याकाळी तीच पाने पुन्हा उलगडतात.

ज्वारीला तहान लागलेली असते. बैल तहानला तर हंबरतो, दावे ओढतो, मोकळा असला तर ओढ्यावर जातो. ज्वारीला पाय नाहीत. बी जिथे पडले तिथेच तिला जन्म काढायचा. तिथे पाणी असो, नसो, की खारट असो. म्हणून तहान सोसण्याच्या युक्त्या तिला आपल्यापेक्षा आणि बैलापेक्षाही जास्त ठाऊक आहेत. या युक्त्या आपल्याला माहीत असल्या तर पिकाचे दुखणे लवकर ओळखता येते. नसल्या तर पीक जे सावरू पाहत होते, तेच आपण आपल्या हाताने मोडतो. असे मोडलेले रानच्या रान आपल्याकडे पडून आहे. त्याची गोष्ट पुढे येईल.

पाणी जाते कुठे?

मूळ जमिनीतून शंभर घागरी पाणी ओढते असे धरा. त्यातल्या दोन-चार घागरीच पिकाच्या अंगी लागतात. बाकीचे सगळे पाणी पानांवाटे वाफ होऊन उडून जाते. ही वाफ आपल्याला दिसत नाही. पाहायची असेल तर उन्हात एखाद्या हिरव्या फांदीवर प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड घट्ट बांधा. तासा-दोन तासांनी पिशवीच्या आत थेंब जमलेले दिसतील.

पानावर फार बारीक तोंडे असतात. त्यांना रंध्रे म्हणतात. नखाएवढ्या जागेत अशी हजारो रंध्रे मावतात. वाफ जाते ती यांतूनच.

मग पीक ही तोंडे कायमची मिटून का घेत नाही? कारण पिकाचे अन्नही याच तोंडांतून येते. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वायू रंध्रांतून पानात शिरतो. पान उन्हाच्या जोरावर त्याची आणि पाण्याची साखर बनवते. ताट, पान, कणीस, दाणा हे सगळे त्या साखरेतूनच होते. दार उघडे ठेवावे तर पाणी जाते आणि लावून घ्यावे तर चूल थंड पडते, अशी ही अडचण आहे.

ही अडचण सगळ्या पिकांना सारखी नसते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ॲक्रन या ठिकाणी ब्रिग्ज आणि शँट्झ या दोन शास्त्रज्ञांनी 1910 नंतरच्या काही वर्षांत मोठमोठ्या डब्यांत पिके लावली आणि त्यांना लागणारे पाणी तोलून पाहिले. वाळवून एक किलो भरेल एवढे पीक वाढायला ज्वारीला सुमारे 320 किलो पाणी लागले. गव्हाला 500 च्या वर लागले. लसूणघासाला 800 च्या वर लागले. हवा बदलली की हे आकडे थोडेफार बदलतात, पण क्रम साधारण हाच राहतो. तेवढ्याच पाण्यात ज्वारी गव्हापेक्षा जास्त काम करते. आपल्या वाडवडिलांनी कोरडवाहू रानात ज्वारी धरली, ती काही उगाच नव्हे.

दार लावणे, पान वळवणे

जमीन सुकू लागली की पिकाच्या मुळांत आणि पानांत एक द्रव्य वाढू लागते. त्याचे नाव जरा अवघड आहे: ॲब्सिसिक आम्ल. शास्त्रज्ञांना ते 1960 च्या दशकात सापडले. हे द्रव्य रंध्रांपाशी पोचले की रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण त्याबरोबर अन्न बनवणेही मंदावते. पीक वाचले तरी वाढ खुंटते, ती यामुळे.

निवडुंग आणि बांधावरची घायपात यांनी यावर वेगळाच तोडगा काढला आहे. ती आपली तोंडे रात्री उघडतात. गार हवेत वायू आत घेऊन साठवतात आणि दिवसा तोंडे मिटून तो वापरतात. पाणी फार थोडे जाते. पण वाढही फार सावकाश होते. ज्वारीला एवढा वेळ कुठला? चार महिन्यांत दाणा भरून मोकळे व्हायचे असते.

ज्वारी मग पान वळवते. पानाच्या वरच्या अंगाला काही फुगीर पेशी असतात. त्यांतले पाणी कमी झाले की त्या आक्रसतात आणि पान आपोआप आत वळते. उन्हाला कमी पान दिसते, वारा कमी लागतो, वाफ कमी जाते. शिवाय ज्वारीच्या ताटावर आणि पानाच्या देठाशी बोट घासून पाहा. बोटाला पांढरी भुकटी लागेल. ते एक प्रकारचे मेण आहे. त्याने ऊन परतवले जाते आणि पाणीही आत राहते.

आमच्या वर्गात हे वाचून झाल्यावर एका दादांनी विचारले, "मग पानं वळली की लगेच पाणी सोडायचं का?"

दुपारी पाने वळली तर घाबरू नये. ते पीक आपले पाणी राखते आहे. संध्याकाळी ती उलगडली तर मुळांना अजून ओल मिळते आहे असे समजावे. पण पहाटे, दव असताना, पाने वळलेलीच दिसली तर मात्र रात्रभर ओढूनही पिकाची तूट भरलेली नाही. ती खरी तहान. पिकाची नाडी पाहायची ती सकाळी, दुपारी नव्हे.

खाली जाणारे मूळ

वर पाणी राखायचे आणि खाली पाणी शोधायचे, अशी दोन्ही कामे एकदम चालतात. जमीन वरून सुकत आली की पीक पानांची वाढ आवरते आणि जवळचे अन्न मुळाकडे धाडते. खोल काळ्या रानात ज्वारीचे मूळ दीड मीटरपर्यंत, कधी त्याहूनही खाली जाते. तुरीचे सोटमूळही असेच खोल जाते. म्हणून तूर बाकीची पिके निघाल्यावरही हिरवीगार उभी दिसते.

सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रावर 1930 च्या दशकात गावरान मालदांडी ज्वारीतून एक वाण निवडून काढला. तोच मालदांडी 35-1. इतकी वर्षे लोटली तरी शेतकरी तो पेरतात. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मंगळवेढ्याकडे भारी काळी जमीन आहे. पावसाळ्यात ती ओल पिऊन ठेवते, आणि पुढे पावसाचा थेंब न पडता त्या ओलीवर ज्वारी येते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल अशी सुमारे 200 मिलिमीटर ओल मावते. हीच ज्वारीची विहीर.

पण हीच मालदांडी हलक्या, मुरमाड रानात पेरली तर? मूळ वीतभर जाते आणि मुरमाला टेकते. खोल जाण्याची तिची युक्ती तिथे वाया जाते. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण सांगितले आहेत. हलक्या रानाला फुले अनुराधा, भारी रानाला फुले वसुधा. शेजाऱ्याला चांगले आले म्हणून तेच बी आणण्याआधी शेजाऱ्याचे रान किती खोल आहे आणि आपले किती, ते पहारीने पाहून घ्यावे.

मुळाला आपली मदत कोळपणीने होते. भेगेतून ओल उडते आणि भेगेत कोवळी मुळे तुटतातही. म्हणून रब्बी ज्वारीला तीन कोळपण्या सांगतात. पहिली तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने, तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने. तिसऱ्या वेळी तण फारसे नसते, म्हणून पुष्कळ जण ती टाळतात. पण ती तणासाठी नसतेच. भेगा बुजवण्यासाठी असते.

काही पिके वाट पाहतच नाहीत. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो, बाजरी अडीच-पावणेतीन महिन्यांत. दुष्काळ दाराशी येण्याच्या आत ती आपला संसार आवरून घेतात. बाजरीची आणखी एक खुबी आहे. पहिले ताट करपले तरी पाऊस आला की ती बुडातून फुटवे काढते आणि त्यांना कणसे धरते. मक्याला हे जमत नाही. मक्याचा तुरा वर येतो आणि कणसाचे केस खाली. ऐन वेळी ताण पडला तर तुऱ्यातले पराग गळून जातात आणि केस मागाहून बाहेर पडतात. दोघांची गाठच पडत नाही. ताट उंच आणि कणीस बोडके, असे दिसते ते यामुळे.

रस दाट करणे

आता जी युक्ती सांगायची ती डोळ्यांना दिसत नाही. पण घरातल्या बायांना ती चांगली ठाऊक आहे. लोणच्याला कैरीच्या फोडी करून त्यांना मीठ लावून ठेवतो. सकाळी पातेल्यात पाणी सुटलेले असते. हे पाणी कोणी पिळून काढले? कोणीच नाही. फोडीच्या आतला रस पातळ आणि बाहेर मीठ दाट. पाणी पातळाकडून दाटाकडे ओढले गेले.

मूळ पाणी घेते ते याच नियमाने. मुळातला रस दाट, मातीतले पाणी पातळ, म्हणून पाणी मातीतून मुळात येते. माती सुकू लागली की उरलेले पाणी मातीच्या कणांना घट्ट चिकटते. ते सोडवायला जास्त ओढ लागते. तेव्हा पीक आपला रस आणखी दाट करते. त्यात साखर, पालाश आणि प्रोलीन नावाचे द्रव्य साठवते. रस दाट झाला की ओढ वाढते. पण यालाही किंमत आहे. दाण्यात जायची ती साखर इथे खर्ची पडते.

किंमत न देता पिकाला काहीच मिळत नाही. कपाशीला ताण पडला की पाते आणि लहान बोंडे गळतात. आपल्याला हळहळ वाटते. पण जेवढी पोसता येतील तेवढीच ठेवायची, असा तो हिशेब आहे. भुईमुगाच्या आऱ्या कडक जमिनीत शिरत नाहीत आणि तशाच लोंबत सुकतात. ज्वारीला दाणे भरताना पाणी कमी पडले तर ती ताटात साठवलेले अन्न काढून कणसाला देते. ताट पोकळ आणि दुबळे होते. मग त्यात बुरशी शिरते आणि ताटे आडवी होतात. यालाच खडखड्या म्हणतात. रोग बुरशीचा खरा, पण तिला दार उघडून देते ती तहान.

जनावरांच्या जिवाची गोष्ट

ज्वारीची आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यात जनावराच्या जिवाशी गाठ आहे. कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असते. पान चावले की त्यातून सायनाइड हे जहाल विष सुटते. किडीपासून कोवळे अंग राखण्याची ही रोपाची तजवीज आहे. रोप मोठे होईल तसे ते कमी होत जाते. पण पाऊस ओढ देतो, रोपे गुडघ्याच्या खालीच खुरटतात, आणि त्यांच्यात हे द्रव्य जास्त राहते. ताणानंतर पाऊस पडून आलेले कोवळे फुटवे आणि कापणीनंतर बुडख्याला आलेले पोंगेही तितकेच घातक.

दुष्काळात चारा नसतो. पीक तर गेलेच, निदान गुरे तरी पोसावीत, म्हणून माणूस खुरटलेल्या ज्वारीत गुरे सोडतो. घासभर खाल्ल्यावर जनावर धापा टाकते, लडखडते, खाली पडते. कधी कधी तासाभरातच जाते. काही भागांत याला किराळ लागणे म्हणतात. दुष्काळाने पीक नेलेले, त्यात बैलही गेला तर पुढच्या पेरणीचे काय? म्हणून फुलोऱ्यात येण्याआधी ज्वारी हिरवी चारू नये. वाळवलेल्या कडब्याला ही भीती फारशी राहत नाही. जनावराला धाप लागलेली दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे. यावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेत टोचावे लागते.

पाण्यात उभे राहून तहान

आता दुसरे रान पाहू. या रानात पाण्याला तोटा नाही. पाटाला पाणी आहे, जमीन ओली आहे. तरी पीक पिवळे, खुजे, जागोजाग मेलेले. वाफ्याच्या वरंब्यावर पांढरी खार फुललेली.

कैरीची फोड आठवा. मातीतल्या पाण्यात क्षार विरघळले की ते पाणी दाट होते. मुळातला रस त्याहून दाट नसला तर पाणी आत येईल कसे? ओल्या जमिनीत उभे असूनही पीक तहानेने सुकते. कोरड्या रानातली ज्वारी आणि खारवट रानातला ऊस यांचे पहिले दुखणे एकच आहे. म्हणून त्यावरचे पहिले उपायही तेच: रंध्रे मिटणे, पान लहान ठेवणे, रस दाट करणे.

खारवट रानात याशिवाय दुसरे दुखणे असते. पाण्याबरोबर क्षार आत शिरतो. त्यातला सोडियम साठत साठत पानाला जाळतो. पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार मागे राहतो, कढईत रस आटून काकवी उरावी तसा. म्हणून जुनी, खालची पाने आधी जळतात, तीही शेंड्याकडून आणि कडांनी. नुसत्या तहानेने पान वळते. क्षाराने पानाची कड भाजल्यासारखी होते. दोन्हींतला हा फरक ओळखून ठेवावा.

यावर झाडे काय करतात? खाडीकाठची तिवर क्षार आत घेते आणि पानावाटे बाहेर टाकते. तिच्या पानाला जीभ लावली तर खारट लागते. पिकांना हे येत नाही. ती क्षार शक्यतो मुळाशीच अडवतात. जो आत आला तो जुन्या पानांत कोंडतात आणि कोवळी पाने व कणीस वाचवतात. बंगालमध्ये नोना बोक्रा नावाचे जुने खाऱ्या रानातले भात आहे. 2005 साली शास्त्रज्ञांना त्याच्यात एक गुण नेमका सापडला. मुळाकडून वर जाणाऱ्या रसातून सोडियम वाटेतच काढून घेणारी एक यंत्रणा त्याच्यात जोरदार चालते. वरच्या पानांकडे जाणारा रस त्यामुळे निवळ राहतो. आता चांगले उत्पन्न देणाऱ्या वाणांत असे गुण संकराने आणण्याचे काम चालते.

आपल्या कोकणातही अशी भाते आहेत. रायगड-ठाण्याच्या खार जमिनीत तांबड्या तांदळाचा राता पिढ्यान् पिढ्या पेरला जातो. गोव्याच्या खाजन शेतांत कोरगूट आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 असे वाण काढले. मात्र नुसत्या वाणाने भागत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. तेवढे कोणतेच भात सोसत नाही. म्हणून खारीला बांध हवा आणि बांधाला उघाडी हवी. भरतीला उघाडी बंद, ओहोटीला उघडी. पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडायचे, मीठ विरघळले की उघाडीतून सोडून द्यायचे, आणि मग पेरायचे. भाताचे बी खारट पाण्यात उगवते, पण दोन-तीन पानांचे रोप फार नाजूक असते. पुढे फुलोऱ्यात ते पुन्हा नाजूक होते. मधल्या काळात ते बरेच सोसते. म्हणून लावणी करायची तर रोप जरा जून असावे. काही ठिकाणी मोड आलेले बी फेकतात, त्याला रहू म्हणतात. तिथे पाऊस चांगला धुऊन गेल्याशिवाय घाई करू नये. बांध एका ठिकाणी फुटला की साऱ्या खारीत पाणी शिरते, म्हणून बांधाची डागडुजी हे एकट्याचे काम नाही.

विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. तिथे जमिनीखालचे पाणीच खारे. तो निसर्गाचा भाग आहे. पण तिसऱ्या प्रकारची खार आपण स्वतः आणली आहे. आमच्या मते तिच्याबद्दल जेवढे बोलायला हवे तेवढे बोलले जात नाही.

कालव्याच्या पाण्याचा हिशेब

गोड्या पाण्यातही क्षार असतात. एका लिटरला पाव-अर्धा ग्रॅम क्षार असला तरी जिभेला कळत नाही. लिटरला 0.3 ग्रॅम धरू. एका एकरात आठ सेंटिमीटर उभे पाणी दिले तर ते सव्वातीन लाख लिटरच्या जवळपास भरते. म्हणजे एका पाण्याबरोबर सुमारे एक क्विंटल क्षार शेतात आले. उसाला वर्षाला अशी वीस पाणी दिली तर वीस क्विंटल. सगळे खायचे मीठ नव्हे. त्यात चुना असतो, आणखीही क्षार असतात. पण पीक त्यातले फार थोडे उचलते. बाकीचे पावसाने धुऊन खाली गेले तर ठीक. निचरा नसलेल्या भारी काळ्या रानात ते जाणार कुठे?

उलट होते असे की जास्तीचे पाणी खाली साठत जाते आणि जमिनीखालची पातळी वर चढते. ती हात-दोन हातांवर आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी वर चढते, उन्हाने उडते आणि क्षार वर ठेवून जाते. नीरा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालवा आला. 1910 सालीच पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी यांनी त्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. इतक्या लवकर हे दिसले होते. पुढे कृष्णाकाठी, सांगली-कोल्हापूर भागात, तेच पुन्हा घडले. चांगल्या उसाची राने पडीक झाली.

यातली खरी गंमत, गंमत तरी कशी म्हणावी, पुढे आहे. कोणते पीक किती क्षार सोसते याचे एक कोष्टक अमेरिकेतल्या मास आणि हॉफमन यांच्या 1977 सालच्या कामावर उभे आहे. क्षाराचा अंक जितका मोठा तितके सोसणे जास्त. त्यात जवाला, म्हणजे सातूला, 8 अंक आहे. कपाशी 7.7, ज्वारी 6.8, गहू 6, भुईमूग 3.2, भात 3. मका आणि ऊस 1.7. कांदा 1.2. म्हणजे पाणी जास्त लागणारा ऊस पाण्याबरोबर क्षार आणतो, आणि तो क्षार सोसण्यात तोच मागे. पान पिवळे दिसले की माणूस म्हणतो, "पाणी कमी पडलं." आणखी पाणी देतो. तहान वाढत जाते.

अशा रानात पिकाच्या युक्त्या संपतात. तिथे आपण करायचे असते. पहिले काम म्हणजे चर. उताराच्या अंगाने खोल चर काढून पाण्याला वाट द्यावी. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालूनही निचरा करतात. पण शेवटी पाणी कुठे तरी ओढ्याला नेऊन सोडावे लागते आणि वाटेत दहा जणांची राने असतात. दहा जण एक झाले तरच ते होते. निचरा झाला की पाऊस क्षार धुतो. तोवर ऊस बाजूला ठेवून कपाशी, गहू, ज्वारी अशी सोसणारी पिके घ्यावीत, आणि सरीआड सरी किंवा ठिबकने बेताचे पाणी द्यावे.

जिप्सम टाकावे का, असे पुष्कळ जण विचारतात. खारवट जमीन आणि चोपण जमीन या दोन वेगळ्या आहेत. खारवट रानात वर पांढरी खार दिसते, पण माती भुसभुशीत असू शकते. तिला धुणे हाच उपाय. तिथे जिप्समचा पैसा वाया जातो. चोपण रानात सोडियम मातीलाच चिकटलेला असतो. ती ओली असता लोण्यासारखी चिकट, वाळली की दगडासारखी. पाणी वर तुंबून राहते, आत मुरत नाही. तिला जिप्सम लागते, आणि त्यामागून धुण्यासाठी गोडे पाणी व निचरा लागतो. ढैंचा अशा रानात तग धरतो. तो फुलोऱ्याच्या आधी गाडला तर माती मोकळी व्हायला मदत होते.

आपले रान कोणते, हे नजरेने पक्के ठरत नाही. माती तपासून घ्यावी. एक सावधगिरी सांगतो. वरच्या कोष्टकातले अंक मातीचा लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याचे आहेत. आपल्याकडच्या तपासणीत बहुधा मातीत अडीचपट पाणी मिसळून मोजतात, म्हणून पत्रिकेतला अंक लहान दिसतो. दोन्हींची तुलना करू नये. पत्रिकेत क्षारता 1 च्या वर असली तर बी उगवायला त्रास होऊ शकतो असे समजावे. सामू 8.5 च्या वर असला तर चोपणची शंका घ्यावी. मग पत्रिका घेऊन कृषी सहायकांना विचारावे.

नमुना उन्हाळ्यात, पीक निघाल्यावर घ्यावा. एकाच जागची माती घेऊ नये. चांगले रान आणि खार फुटलेले रान यांचे नमुने वेगळे ठेवावेत. प्रत्येकात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून माती काढावी, एकत्र मिसळावी, सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो घ्यावी. ती कापडाच्या धुतलेल्या पिशवीत भरावी. खताची रिकामी पिशवी वापरू नये. तिच्या कोपऱ्यात राहिलेले चिमूटभर खतही क्षारच असते, आणि ते आपल्या मातीच्या नावावर लागते.